डब्याचं तोंड गल्लीकडं

आत्या, तुम्ही गेल्यावरचा जलदान विधी होऊन पाहुणे अजून जीपमध्येही बसले नव्हते, तोवर कमलबाई दारात उभ्या राहिल्या. "शीला, ते आत्याबाईचं माइकाचं डबडं विहारात दिऊन टाक की. तुला काय करायचं आता त्येचं?" मी नाही म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं. त्या पदर सावरत निघून गेल्या आणि तुमचा लेक माझ्याकडं बघून म्हणाला, "आजच्या दिवशी तरी." आजच्या दिवशी काय? मी तुमची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्याच हाताखाली तयार झालेय. स्वयंपाक शिकवलात, माणसं ओळखायला शिकवलंत, गोड बोलायला शिकवायचं तेवढं राहून गेलं तुमच्याकडून.

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मला पटत नाही. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय, आणि ते पुरं करायला दुसरं कोण आहे मला? म्हणून लिहायला बसले.

चार दिवस झाले, जो येतो तो एकच वाक्य बोलतो. "काय आवाज हुता म्हातारीचा!" हुता. म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा. सास्तूरच्या या टोकाला तुम्ही विहारात पाळणा सुरू केला की त्या टोकाच्या चुलीवर बाईची भाकरी करपायची, असं लोक सांगतात. खरंच असेल. मीही ऐकलाय तो आवाज. नवी नवरी होते तेव्हा तुम्ही अंगणातून "शीलाऽ" म्हणायचात आणि माझ्या हातातली कळशी हिंदकळायची. पण शेवटच्या वर्षात तुम्हाला जो आवाज राहिला होता, त्याचं नाव कुणी काढत नाही. जणू तो आवाज तुमचा नव्हताच. मी तर त्याच आवाजाबरोबर राहिले. मला त्याच आवाजाबद्दल बोलायचंय.

मानेतली गाठ काढायला लातूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला गुंडाळलेली आहे, काही सांगता येत नाही. तुम्ही म्हणालात, "काढा. मरन्यापरीस बरं." शुद्धीवर आल्यावर तुम्ही पहिलं काय बोललात ते मला कळलंच नाही. ओठ हलले, वारा आला, चाळणीतून पीठ गळावं तसं काहीतरी. नर्सनं सांगितलं, पाणी मागतायत. नंतर आवाज थोडा सुधारला, पण तेवढाच. डॉक्टर म्हणाले, गळ्यातली एका बाजूची आवाजाची पट्टी आता हलत नाही, आवाज असाच बारीक राहणार. जोर द्यायचा नाही. माइक घ्या, घरी रोज थोडं थोडं हळू म्हणा, तर गळा कामाचा राहील. जोर दिलात, तर आहे तोही जाईल.

तुम्ही मान हलवलीत. आणि गाडीत बसल्या बसल्या माझा हात ओढून कानात म्हणालात, "वर्षावासाच्या समाप्तीला पैलं गानं म्याच म्हननार."

पावसाळ्याचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं आणि आश्विन पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. त्या दिवशी पहिलं गाणं तुमचं, हा आपल्या गावचा कायदाच. कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. आता छाती करायला विहारात तुमच्या मागं गाणाऱ्या कमलबाई टपलेल्याच होत्या. तुम्हाला ते माहीत होतं. म्हणजे एकीकडं समाप्तीचा दिवस, एकीकडं गळा. जोर लावला तर कायमची मुकी, नाही लावला तर गाणं नाही. मधे माइकाचा एक डबा. तो नीट मिळाला तर सगळं जमेल, असं मला वाटत होतं. किती साधं वाटत होतं!

पहिला स्पीकर तुमच्या लेकानं आणला. उमरग्याच्या गॅरेजात त्याच्याबरोबर काम करणाऱ्याच्या भावाचा मंडपाचा धंदा आहे, त्याच्याकडून चालवून बघायला म्हणून. कमरेएवढा उंच, खाली चाकं, समोर लाल-निळ्या लाईटी. ठेवायला जागा कुठं, तर भांड्यांच्या मांडणीशेजारी. तुम्ही आतल्या खोलीत तूर निवडत होतात. त्यानं मोबाइलवरचं कुठलंसं गाणं लावलं आणि बटण फिरवलं.

ढम् झालं. आणि मांडणीवरचे डबे, ताटं, वाट्या, सगळं एकदम थरथरायला लागलं.

तुम्ही सूप टाकून जे धावलात ते थेट रस्त्यावर. मी तुमच्या मागं. बघते तर एकट्या तुम्हीच नाही. शेजारच्या सखूमावशी नातवाला काखेत मारून बाहेर, समोरचे किसनतात्या धोतराचा सोगा हातात धरून बाहेर, पलीकडची म्हातारी भिंत धरत धरत बाहेर. गल्लीतली जेवढी म्हणून त्र्याण्णवचा भूकंप बघितलेली माणसं होती, तेवढी सगळी रस्त्याच्या मधोमध, भिंतींपासून लांब, गप उभी. आणि पोरंसोरं आपापल्या दारांत उभी राहून या म्हाताऱ्यांना काय झालं म्हणून हसत होती.

स्पीकर पोचवायला आलेला तो मंडपवालाही आधी हसला. मग त्यानं किसनतात्यांचं तोंड बघितलं आणि गपकन बटण बंद केलं. तुम्ही आधी भिंती बघून घेतल्यात. मग लेकाला म्हणालात, "उचल ते. आत्ताच्या आत्ता." तेसुद्धा त्याला ऐकू गेलं नाही, मीच मोठ्यानं सांगितलं. आपली पुनर्वसनातली घरं सिमेंटची, पक्की. ती पडायची नाहीत हे तुम्हालाही माहीत. पण सास्तुरात मांडणी वाजली की माणूस कारण विचारत बसत नाही. तुमचा लेक स्वतः त्यातून वाचलेला, त्याला हे आधी कळायला नको? मी त्याला बोलले. तो म्हणाला, "गान्याचं यंत्र हाय, बेस चांगलाय म्हनून आनलं." बेस चांगलाय म्हणे!

मग मी ठरवलं, हे काम बापयांचं नाही. आपण दोघी मुरूमला गेलो. मुरूम माझं माहेर, तिथलं दुकान ओळखीचं. दुकानदार बोलका. इतका की तुमचं तोंड उघडायच्या आत त्याची तीन वाक्यं व्हायची.

"मामी, ह्येच्यात ब्लूटूथ हाय, लाईटी हायत, नातू नाचंल बगा."

तुम्ही माझ्या कानात सांगितलंत, मी मोठ्यानं त्याला सांगितलं, "त्यांना नातू नाचवायचा न्हाय म्हणतायत."

त्यानं एक छोटा काढला. त्यातलं एको नावाचं बटण फिरवून माइक तुमच्या हातात दिला. तुम्ही दोन शब्द म्हणालात आणि दुकानभर आवाज पसरला, भरलेला, मागून पुन्हा पुन्हा येणारा. दुकानदार खूश. मीही क्षणभर खूश झाले. तुम्ही मात्र माइक खाली ठेवून मागं वळून बघितलंत. "ह्ये माझ्या मागून कोन म्हनायलंय? बंद कर म्हनाव." मला तेव्हा तुमचा हट्ट वाटला. पण बंद केलं ते बरंच झालं. एकोत सगळ्या चुका झाकल्या जातात. कार्यक्रमाला ठीक, सरावाला काय कामाचा?

दुसरा होता तो कमरेला अडकवायचा डबा, कानामागून तोंडाशी येणारा बारका माइक. गुरुजी लोक वापरतात तसला. हलका, चार्जिंगचा. आवाज जरा नाकातून यायचा, पण स्वच्छ. मला तो पसंत होता. आणि तुमचं लक्ष कुठं? बाहेर चाललेल्या भाजीच्या गाड्यावर. त्या गाड्यावरच्या भोंग्यावर. "त्यो किती लांब जातुय बग."

"आत्या, तुम्हाला वांगी विकायचीत का गाणं म्हणायचंय?"

 तुम्ही उलट मला दुकानदाराला विचारायला लावलंत: लाईट गेल्यावर चालतंय का? चालतंय. किती येळ? आन् दार लावल्यावर भाईर ऐकू जातंय का?

तो बिचारा गडबडला. "मामी, लोक उलटं इचारतेत. शेजाऱ्याला तरास न्हाय ना व्हायचा म्हनून."

"इचार त्याला, शटर लावतो का."

आणि भर बाजारात, दिवसाढवळ्या, तुम्ही त्याला दुकानाचं शटर खाली ओढायला लावलंत. आत तुम्ही, दुकानदार आणि तो कमरेचा डबा. बाहेर रस्त्यावर मी, कान देऊन उभी. खताचा ट्रॅक्टर गेला, मागं मोठ्यानं टेप लावलेली रिक्षा गेली. माझ्या चुलत्यांच्या घरची दोघं जाता जाता थांबली, "काय गं शीला, हितं काय करायलीस?" काय सांगणार? सासू आत कोंडलीय आणि मी ऐकतेय? शटर वर गेलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत.

"न्हाय ऐकू आलं," मी खरं तेच सांगितलं.

"मंग काय उपेग," म्हणालात आणि पायऱ्या उतरून चालायला लागलात.

वडापच्या जीपमध्ये आपण भांडलो. भांडण तरी कसलं! मी बोलायचे आणि मग तुमचं उत्तर ऐकायला कान तुमच्या तोंडाजवळ न्यायचे. समोरच्या बायकांना वाटलं असेल, काय सासू-सुनेचं गूळपीठ आहे. मी म्हणत होते, सराव घरात करायचाय, तुम्हाला तुमचा सूर ऐकू आला म्हणजे झालं, गल्लीला कशाला ऐकू जायला पाहिजे? तुम्ही म्हणत होतात, तुला न्हाय कळायचं. मी म्हटलं, मग सांगा. तुम्ही म्हणालात, "सांगून तू काय करतीस." त्यानंतर गाव येईपर्यंत आपण दोन बाजूंना बघत बसलो. वर्षावास सुरू झालेला होता, विहारात रोज वाचन चाललेलं, आणि घरात गाण्याचा एक शब्द नव्हता. तुम्ही ओसरीत बसून कमलबाईंचा आवाज ऐकायचात. त्या मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, हे माझं अजूनही मत आहे.

मग ती दुपार. पावसानं ओढ दिलेली, वारं सुटलं होतं, धूळ आत यायला लागली म्हणून मी दार लावून घेतलं. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला. तुम्ही शेंगा फोडत बसला होतात. उठलात आणि दार उघडलंत. मी लावलं. तुम्ही परत उघडलंत. मी चिडले. सगळी धूळ पिठात चाललीय, आत्या, एवढं काय अडलंय दाराशी? तुम्ही उंबऱ्यातच बसलात. मला जवळ यायची खूण केलीत. मला वाटलं, आता बोलणी खायची.

"त्या पहाटंला बी दार लावल्यालंच हुतं," तुम्ही म्हणालात.

तुम्ही ढिगाऱ्याखाली सापडला होतात, हे मला माहीत होतं. मामंजी आणि तुमचा लेक अंगणात निजलेले म्हणून वाचले, आणि धाकटी लेक छबी गेली, हेही. पण या गावात हे सगळ्यांच्याच घरचं. कुणी कुणाला त्यापुढं विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

"दगूड, माती, सगळं अंगावर. हात हालंना. म्या वरडले. वरडून दम जायला लागला. मंग म्या गानं म्हनायला लागले. नुस्तं वरडलं की दम जातुय, शीला, गानं म्हनलं की दम पुरतुय. लई मोठ्यानं म्हनत हुते. त्येच आयकून किसनतात्यानं माती उकरली."  शेंगेचं एक टरफल हातात तसंच होतं. "छबी बाजूलाच हुती. हात पोचत न्हवता. तिचा आवाज बारीक. ती काय म्हनत हुती ते मला आयकू आलं न्हाय. म्याच येवढी मोठ्यानं म्हनत हुते. भाईरच्यांना बी माझाच आला. मला काढलं. तिच्याकडं लोक मागनं गेले."

वाऱ्यानं दार ओढलं, मी हातानं उघडं धरून ठेवलं.

"आता माझा आवाज तिच्यावानी झालाय," तुम्ही म्हणालात. "आता मला कोन काढंल?"

आत्या, खरं सांगू? मला आधी तुमचा राग आला. रडू नंतर आलं. इतकी वर्षं एका चुलीवर जेवतोय आपण, आणि हे माझ्यापासून ठेवलंत? मुरूमच्या बाजारात मला रस्त्यावर उभी केलीत, जीपमध्ये तुला न्हाय कळायचं म्हणालात, आणि हे पोटात घेऊन बसलात? कसं कळणार होतं मला? आजही तो राग गेलेला नाही. तुम्हाला जवळ घ्यावं असं वाटत होतं, आणि मी काय म्हणाले तर, "उद्या परत मुरूमला जायचं." तुम्हीही "बरं" म्हणालात आणि शेंगा फोडायला लागलात. आपल्या घरात जवळ घेणं हे असंच असतं.

दुसऱ्या खेपेला सगळे प्रश्न मीच विचारले. लाईट नसताना किती वेळ चालतो, ढम् आवाजाचं बटण पार खाली नेता येतं का, वायरचा माइक लागतो का, कारण बिनवायरचा मधेच तुटतो. दुकानदारानं आतून एक डबा काढला. हातात उचलायची मूठ, शाळेतल्या परिपाठाला नेतात तेवढा, लाईटी नाहीत, काही नाही. त्यानं तुमच्याकडं बघून विचारलं, "शटर लावू का, मामी?" तुम्ही पहिल्यांदा हसलात. "नगं. गावाकडं जाऊन बगतो. न्हाय ऐकू गेलं तर माघारी आननार."

आणि तुम्ही खरंच परीक्षा घेतलीत. सगळी गल्ली दाराबाहेर उभी केलीत. सखूमावशी त्यांच्या दारात, त्यांच्या पलीकडं किसनतात्या, मग पिठाच्या गिरणीवाली, आणि पार शेवटी हापशापाशी, कुणी सांगितलं नसताना, कमलबाई. ज्याला ऐकू येईल त्यानं हात वर करायचा. तुम्ही दार लावून आत. मी रस्त्यावर, एकेकाच्या हाताकडं बघत. कारण आता मला माहीत होतं ना, हा स्पीकर विकत घ्यायचा की नाही एवढाच प्रश्न नाहीये. हात वर गेले नाहीत तर ही बाई पुन्हा दार लावून झोपणार नाही, आणि गाणारही नाही.

आधी काहीच नाही. माणसं एकमेकांकडं बघतायत. मला खिडकीतून दिसलं, तुम्ही डबा उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलात, तोंड बाहेर करून. मग सखूमावशींचा हात गेला. किसनतात्यांचा गेला, आणि तो खाली येईना. ते तसेच हात वर करून उभे, डोळे मिटून. गिरणीवालीचा गेला. कमलबाई मान वाकडी करून, कान पुढं करून उभ्या होत्या. बराच वेळ. मग त्यांचाही हात वर गेला. त्यांना खरंच ऐकू आलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. म्हणून तर त्यांच्यावर फार वेळ रागावता येत नाही.

डबा घरात राहिला आणि आपलं नवं भांडण सुरू झालं. डब्याचं तोंड कुणीकडं?

मी म्हणत होते, तुमच्याकडं. गाणाऱ्याला आपला सूर ऐकू आला नाही तर तो नकळत गळा दाबतो, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. डबा समोर ठेवायचा, माइकाची पाठ त्याच्याकडं करायची म्हणजे शिट्टी वाजत नाही, आणि हळू म्हणायचं. मी तसा लावून अंगणवाडीत जायचे. पोरांना खाऊ वाटून परत यावं तर डबा खिडकीत, तोंड गल्लीकडं. आणि तुम्ही मागं बसून गळ्याच्या शिरा ताणून म्हणताय. मी फिरवायचे, तुम्ही फिरवायचात. मी ओरडायचे, "तुम्हाला गाणं पाहिजे का गल्ली?" तुम्ही माइकातूनच उत्तर द्यायचात, "दोनी!" तेवढं मात्र हापशापर्यंत जायचं. बायका हसायच्या.

पण तुमच्यात काहीतरी बदलत होतं. एक दिवस मी बाहेरून आले तर डबा खिडकीतच, पण तुम्ही जोर लावत नव्हतात. माइक ओठाशी धरून, झोपलेल्या लेकराला ऐकवावं तसं म्हणत होतात. आवाज फाटका होता, मधे वारा होता, पण शब्द अन् शब्द कळत होता. मी दारातच उभी राहिले. माझा स्वतःचा आवाज म्हणजे पोरं गप बसवायला पुरेल एवढाच. मला गाण्यातलं काय कळतंय? पण तुमच्या मोठ्या आवाजानं माझ्या अंगावर कधी काटा आला नव्हता, तो त्या दिवशी आला. मी तुम्हाला बोलले नाही. "भाकरी टाकू का?" एवढंच विचारलं. तेव्हा बोलायला पाहिजे होतं असं आता सगळे म्हणतील. मी म्हणत नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "झालं का तुझं? टाक भाकरी."

समाप्तीच्या दिवशी विहार भरलेला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि बौद्धाचार्यांनी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पांढऱ्या लुगड्यात, पुढं. पहिली ओळ आलीच नाही. फक्त वारा. मागं पोरं कुजबुजली.  तुम्ही जोर लावाल असं मला वाटलं. लावा, एकदाचा जाऊ दे गळा, असंही वाटून गेलं. तुम्ही लावला नाहीत. थांबलात. पुन्हा सुरू केलंत, आणखी हळू. आणि सगळा विहार पुढं वाकला. पंखे बंद करा म्हणून कुणीतरी खूण केली. एकच कडवं म्हणालात आणि माइक कमलबाईंच्या हातात दिलात. "बाकीचं तू म्हन." 

बाहेर पडताना कुणीतरी म्हणालं, "पैल्यासारखं न्हाय राहिलं." मी वळून बोलणार होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. "न्हायच की," म्हणालात. तुम्ही रडत नव्हतात. मी रडत होते, आणि तुम्हाला त्याचा वैताग आला होता.

त्यानंतरही आपण रोज भांडलो. तुमचा डबा तसाच खिडकीत. माझं मत अजून तेच आहे, सरावाला तोंड आपल्याकडंच पाहिजे. मी चुकले असं म्हणणार नाही. तुम्हीही म्हणणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तुम्ही उंबऱ्यात बसून छबीचं सांगितलंत ना, त्या दुपारपासून माझा एक कान तुमच्याकडंच असायचा. परसात असले, चुलीपुढं असले, बायकांत बोलत बसले, तरी. मी ठरवून केलं नाही. आपोआप झालं. सकाळी उठल्यावर आधी कान तुमच्या खोलीकडं जायचा. रेडिओ आपण कधी बंद केला, ते तुमच्या लेकाच्या ध्यानातही आलं नाही. घर हळूहळू तुमच्या आवाजाएवढं बारीक झालं.

त्या शेवटच्या सकाळी नळाला पाणी आलेलं. मी परसात धुणं घेऊन बसले होते, पाण्याची मोटर चालू, शेजारी कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता म्हणून घरघरत होता. डबा चार्जिंगला लावलेला, माइक खुंटीला. तुम्ही आत होतात. आणि मला माझं नाव ऐकू आलं. एकदाच. नाव कसलं, "शी" एवढंच, आणि पुढं वारा.

मी साबणाच्या हातानं धावले. तुम्ही पलंगाच्या कडेला खाली बसला होतात, छातीवर हात, कपाळावर घाम. मी तुम्हाला धरलं, तुमच्या लेकाला हाका मारल्या, गाडी आणायला सांगितलं. तुम्ही दुखतंय म्हणाला नाहीत. पाणी मागितलं नाहीत. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होतात. मी कान तुमच्या ओठाशी नेला.

"ऐकू आलं व्हय?"

"आलं, आत्या."

तुम्ही परसाच्या दाराकडं बघितलंत. मोटरची घरघर अजून चालूच होती.

"मोटर चालू हाय की गं."

"हाय. तरीबी आलं."

तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकलंत. गाडी दारात आली तेव्हा तुमच्या लेकानं तुम्हाला उचललं, आणि तुम्ही त्याच्या हातांवरून माझ्याकडं बघत होतात. भीती नव्हती त्या डोळ्यांत. मी शोधली, आत्या. नव्हती.